सायकलवाल्या बाईचा पगार

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज पैशाचंच बोलायचं आहे, पण बचत गटाच्या हप्त्याचं नाही आणि अंगणवाडी ताईंच्या मानधनाचंही नाही. सायकल चालवून पोट भरणाऱ्या बायकांचं बोलायचं आहे. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन या देशांत रस्त्यावरच्या सायकल शर्यती हा मोठा खेळ आहे आणि मोठा धंदाही. तिथे बायका एका दिवसात शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल हाणतात आणि तेच त्यांचं काम असतं. त्या कामाचे त्यांना किती मिळतात, कोण देतं आणि वाढवून कसे मिळाले, ते बघू. हिशेबाला एक युरो म्हणजे ढोबळ नव्वद रुपये धरू. भाव वरखाली होतो, पण अंदाज येतो.

उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे नावाची एक जुनी शर्यत आहे. पुरुष ती 1896 सालापासून खेळतात. बायकांसाठी ती पहिल्यांदा झाली 2 ऑक्टोबर 2021 ला, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. रस्ता म्हणजे जुन्या काळचे दगड बसवलेली शेतातली वाट, त्यात त्या दिवशी पाऊस आणि चिखल. इंग्लंडची लिझी डेग्नन ही एका लेकीची आई. ती शेवटचे 80 किलोमीटर एकटी पुढे राहिली आणि जिंकली. दगडांवरच्या हादऱ्यांनी हात सोलून निघाले होते, सायकलच्या हँडलला रक्त लागलं होतं. बक्षीस किती? 1,535 युरो, म्हणजे एक लाख अडतीस हजार रुपये. दुसऱ्या दिवशी तीच शर्यत जिंकणाऱ्या पुरुषाला 30,000 युरो, म्हणजे सत्तावीस लाख. पुरुषांचं अंतर जास्त होतं हे खरं. पण वीसपट नव्हतं! फरकाची रक्कम शेवटी तिच्या टीमनं आपल्या खिशातून भरून दिली.

सगळ्यात नावाजलेली शर्यत म्हणजे टूर द फ्रान्स. पुरुषांच्या शर्यतीत 21 दिवस सायकल चालवायची असते आणि विजेत्याला 5 लाख युरो मिळतात. बायकांची आताची टूर 2022 मध्ये सुरू झाली. ती आठ दिवसांची होती आणि जिंकणाऱ्या नेदरलँड्सच्या आनेमिक फान फ्ल्यूटेनला 50 हजार युरो मिळाले. कुणी म्हणेल, दिवस कमी तर पैसे कमी. म्हणून रोजावर हिशेब करून बघितला. पुरुषाला दिवसाला पडले जवळजवळ 24 हजार युरो आणि बाईला सव्वासहा हजार. खुरपणीला बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

पण बक्षिसाचा आकडा पेपरात येतो म्हणून आपण त्याच्याकडे बघत बसतो. या धंद्यात बक्षिसावर कुणाचं घर चालत नाही. एक तर ते जिंकणारीच्या एकटीच्या घरी जात नाही. टीममधल्या बाकीच्या, सायकल दुरुस्त करणारा, पाय चोळून देणारा, सगळ्यांत वाटायची रीत आहे. आणि ती योग्यच म्हणायची, कारण ही शर्यत एकटीनं जिंकता येत नाही. प्रत्येक टीममध्ये एक-दोघी जिंकण्यासाठी असतात, बाकीच्या त्यांच्यासाठी राबतात. पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीपर्यंत जाऊन पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून आणतात, पुढारणीचं चाक पंक्चर झालं तर आपलं चाक काढून देतात. फ्रेंच भाषेत अशा राबणारीला जे नाव आहे, त्याचा अर्थच मुळी घरगडी असा होतो. तिचं नाव निकालात कुठेतरी खाली असतं. तिचं घर चालतं ते फक्त महिन्याच्या पगारावर.

हा पगार येतो कुठून? पालखी बघायला रस्त्याच्या कडेला उभं राहणारा माणूस तिकीट काढत नाही, तसंच या शर्यतींचं आहे. लाखो लोक फुकट बघतात. टीव्हीचे पैसे शर्यत भरवणारी कंपनी ठेवते, त्यात टीमला वाटा नसतो. मग टीम कुठल्या तरी कंपनीचं नाव अंगावर घालते आणि ती कंपनी पैसे देते. टीमचं नावच त्या कंपनीचं असतं, कधी किराणा दुकानांच्या साखळीचं, कधी फोन कंपनीचं. कंपनीनं हात काढला की टीम बंद आणि पगारही बंद.

कंपन्या पुरुषांवर जास्त पैसा लावत आल्या. पुरुषांतला आजचा सगळ्यात वरचा खेळाडू, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार, याचा पगार वर्षाला 80 लाख युरोच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे सत्तर कोटी रुपयांच्या वर. तसा एखादाच असतो. महत्त्वाचं ते खालच्या टोकाला. पुरुषांच्या मोठ्या टीमना अमुक रकमेच्या खाली पगार द्यायचा नाही, असा नियम कित्येक वर्षांपासून होता. बायकांसाठी 2019 पर्यंत तसा काही नियमच नव्हता. काहींना वर्षाला चार-पाच हजार युरो मिळत, काहींना एक पैसाही नाही. सकाळी सराव, दिवसभर दुसरी नोकरी, सुट्टीच्या दिवशी शर्यत. काहींना तर प्रवासाचा आणि सामानाचा खर्च टीमला परत द्यावा लागायचा. बोलायची सोय नव्हती, कारण तुझ्या जागेवर फुकट यायला दुसरी तयार आहे, हे उत्तर ठरलेलं.

2017 मध्ये नेदरलँड्सच्या इरिस स्लापेंडेल या माजी खेळाडूनं दोघी मैत्रिणींना घेऊन 'द सायक्लिस्ट्स अलायन्स' नावाची बायकांची संघटना उभी केली. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार पटली. त्यांनी आधी मोजलं. दरवर्षी सगळ्या खेळाडूंना विचारायचं: तुला किती मिळतात, दुसरी नोकरी करतेस का, करार वकिलाला दाखवलास का? उत्तर नाव न सांगता द्यायचं. तोवर प्रत्येकीला वाटायचं, आपल्यालाच कमी देतात. आकडे एका कागदावर आल्यावर कळलं की बहुतेकींची तीच गत आहे. करार वाचून समजावून देणारा वकीलही संघटनेनं मिळवून दिला. सही करण्याआधी कागद वाचायचा, हे तिथेही शिकवावं लागलं.

सायकल खेळाच्या जागतिक संस्थेनं अखेर 2020 पासून बायकांच्या सर्वांत वरच्या टीमना किमान पगार बांधून दिला. पहिल्या वर्षी 15,000 युरो. आपल्या रुपयांत साडेतेरा लाख होतात आणि डोळे दिपतात, पण थांबा. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कुठल्याही पूर्णवेळ कामगाराला कायद्यानं मिळणारा किमान पगार वर्षाला 18,000 युरोच्या वर होता. म्हणजे दुकानात फरशी पुसणाऱ्या बाईला जगातल्या उत्तम सायकलपटूपेक्षा जास्त! तो आकडा मग चढत गेला. 2022 मध्ये 27,500 झाला आणि 2023 मध्ये 32,102. तेव्हा कुठे तो पुरुषांच्या दुसऱ्या पायरीवरच्या टीमच्या किमान पगाराइतका झाला.

त्याच करारात बाळंतपणाची रजा आली: तीन महिने पूर्ण पगार आणि पुढचे पाच महिने अर्धा. त्याआधी दिवस गेले की करार संपल्यातच जमा असायचा. आणखी एक अट आहे, ती आपल्या गटांना लगेच कळेल. हंगामाआधी टीमनं बँकेची हमी द्यायची. पगार थकला तर त्या हमीतून भागवायचं. 2023 मध्ये स्पेनमध्ये नोंदलेल्या एका टीमनं वर्षाच्या सुरुवातीपासूनचे पगार थकवले, बऱ्याच जणी टीम सोडून गेल्या, तेव्हा या अटीचं मोल कळलं.

हे सगळं वरच्या टीमसाठी. सर्वांत खालच्या पायरीवरच्या टीमना किमान पगाराचं बंधन नाही. आणि मोठ्या शर्यतीत त्यांनाही बोलावत. त्यामुळे 2022 च्या टूर द फ्रान्सच्या घोळक्यात घाट चढताना अगदी खांद्याला खांदा लावून दोघी दिसायच्या. एकीला दर महिन्याला पगार यायचा, बाळंतपणाची रजा होती. दुसरी घरी परतल्यावर सोमवारी कामावर हजर होणार असायची.