बुरशी दिसते, विष दिसत नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मांडलेले मनोगत)



आज बचत-वसुली थोडी बाजूला ठेवू आणि शेंगदाण्याबद्दल बोलू. शेंगा फोडल्यावर आपण काय करतो? टपोरे दाणे बाजाराला. सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे घरात, कुटाला नाहीतर चटणीला. उरले तर शेळीला. म्हणजे चांगलं विकायचं आणि वाईट आपण खायचं. आणि धोका नेमका त्याच दाण्यांत जास्त असतो.

ओलसर दाण्यावर, मक्यावर, पेंडीवर हिरवट-पिवळी बुरशी येते. ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर घाव घालतं. बुरशी पुसली तरी विष आतच राहतं, भाजून-शिजवूनही पूर्ण जात नाही. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. म्हशीने खाल्लं तर ते दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. एका किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच सरकारी मर्यादा आहे. एका ग्रॅमचे वीस लाख भाग केले, तर त्यातला एक!

इथे मला एक कबुली द्यायचीय. दोन वर्षांपूर्वी एका गटात मीच सांगितलं होतं, "पेंडीची बुरशी झटका, ऊन दाखवा, घाला जनावराला." एक मावशी म्हणाली, "पोरी, जे आपण खात नाही ते म्हशीला कशाला?" मावशी बरोबर होती, मी चुकले होते.

आता चांगली बातमी. सगळे जिवाणू वाईट नसतात. विरजणात दूध आंबवणारे जिवाणू आपल्या ओळखीचेच. त्यांचेच भाऊबंद मुरघासात काम करतात. चिकात आलेला मका बारीक कापून, दाबून, हवा न लागेल असा बांधला की ते आम्ल तयार करतात. आम्ल आणि हवाबंद जागा, दोन्ही असली की बुरशीला वाढता येत नाही. साधारण 45 दिवसांनी पिशवी उघडा. मुरघास पिवळसर-हिरवा हवा, वास आंबूस हवा. पिशवीला भोक पडलं की बुरशी आलीच. तेवढा भाग काढून फेका, जनावराला नको. आणि रोज लागेल तेवढाच काढून पिशवी पुन्हा घट्ट बांधा.

दुसरे मदतनीस शेतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत भुईमुगावर काम झालंय. स्यूडोमोनास, बॅसिलस हे जिवाणू मुळांभोवती वाढले की त्या बुरशीची जागा आणि अन्न बळकावतात. बाजारातली स्यूडोमोनासची पावडर साधारण एका किलो बियाण्याला 10 ग्रॅम चोळायची, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकिटावरची तारीख बघा. रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका, जिवाणू मरू शकतात.

पण नीट ऐका. हे जिवाणू राखणदार आहेत, वैद्य नाहीत. एकदा विष तयार झालं की बुरशीचा मका आंबवला, ताकात भिजवला किंवा मुरघासात घातला, तरी तो सुरक्षित होत नाही.

म्हणून आजच्या सभेत चार ठराव लिहू या:

1. शेंगा काढल्यावर ढीग घालायचा नाही. हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवायच्या.
2. पोती जमिनीवर नाही, फळीवर आणि भिंतीपासून लांब ठेवायची.
3. बुरशीचा दाणा किंवा पेंड ना ताटात, ना गव्हाणीत, ना कोंबड्यांपुढे. पुरून टाकायची.
4. पुढच्या पेरणीआधी प्रत्येक गटात कृषी सखीकडून बीजप्रक्रिया शिकायची.

पेंडीचं पोतं फेकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे येतो. पण तेच दूध आपलं लेकरू पितं. फेकायची वेळच येऊ नये, म्हणून सुरुवात वाळवण्यापासून करू या.