नोकरदार स्त्री आणि हाडांची झीज

शाळेची पायरी उतरताना पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते. पन्नाशीतील शिक्षिकेच्या बाबतीत याला केवळ दुर्दैव म्हणून चालणार नाही. इतक्या किरकोळ पडण्याने मोडलेले हाड पुष्कळदा आधीच विरळ झालेले असते. ही विरळता दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

हाडांची घनता वयाच्या ३० वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीसंप्रेरक घटते आणि पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सादेखील झिजू शकतो. भारतीय स्त्रीला ही अवस्था साधारणतः ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे नोकरीची दहा-बारा वर्षे शिल्लक असतानाच येते. कचेरीत ऊन आणि चालणे दोन्ही अंतरतात; घाईच्या डब्यात दही-ताक क्वचितच असते.

या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. भाकरी सोडून पाव-बिस्किटे जवळ करणाऱ्या घरांनी काय गमावले, हे यावरून उमगावे. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

घनता मोजणारी डेक्सा तपासणी काही मिनिटांची व वेदनारहित असते. तरीही मनगटाचे प्लास्टर काढून स्त्रीला घरी धाडताना तिचे नावही अनेकदा निघत नाही. पुढचा अस्थिभंग मणक्याचा वा खुब्याचा असू शकतो.