इझाकाया, सावजी आणि आपली पंगत



मी पेशाने उपयंत्री. पूल-रस्ते मोजणारा माणूस. व्याख्यान हा काही माझा प्रांत नाही. पण गेल्या वर्षी भाच्याकडे तोक्योला आठ दिवस राहून आलो, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती आज आपल्यासमोर ठेवतो.

तिकडे गल्लीबोळांत लाल कंदील टांगलेली छोटी दुकाने दिसतात. कचेरी सुटली की माणसे घरी जाण्याआधी तिथे टेकतात. त्यांना इझाकाया म्हणतात. ‘इ’ म्हणजे बसणे, थांबणे; ‘साकाया’ म्हणजे साके या तांदळाच्या मद्याचे दुकान. आपल्याकडे पेशवाई होती, साधारण त्या काळात तिथली गिऱ्हाइके दुकानातच बसून पिऊ लागली, आणि दुकानदार सोबत चार घास खायला देऊ लागले. गणपतीच्या मांडवात मद्याचे नाव निघाले म्हणून ज्येष्ठांनी रागावू नये. मी तिथे फक्त ऊलाँग चहा घेतला, आणि त्याबद्दल कुणी वळूनही पाहिले नाही.

भाच्याने नेले ती जागा आपल्या या मंचापेक्षा मोठी नव्हती. दारावरचा कापडी पडदा सारून आत पाऊल टाकले, तोच मालकापासून भांडी विसळणाऱ्या पोरापर्यंत सगळे एका सुरात ओरडले, ‘इराश्शाइमासे!’ म्हणजे ‘या, या!’ बसायला दहा-बारा जागा, खांद्याला खांदा लागलेला. हात पुसायला ओला रुमाल आला, आणि न मागता एक लहानशी वाटी आली. मला वाटले पाहुणचार. बिल आल्यावर कळले की तिला ‘ओतोशी’ म्हणतात आणि तिचे पैसे लागतात!

मग एकेक बशी येऊ लागली. निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे, थंडगार तोफू आणि एदामामे. एदामामे म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. आपला मध्यप्रदेश सोयाबीनसाठी देशभर ओळखला जातो, पण कोवळी शेंग सोलून खायचे सुख मला मिळाले ते परदेशात. बशा मधोमध, सगळ्यांच्या हाताशी. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, ही तिथली रीत. पलीकडे एक साहेब आपल्या कारकुनाचा पेला भरत होते आणि दोघेही खो-खो हसत होते. शेवटी भातावर गरम चहा ओतून खातात, त्याला ओचाझुके म्हणतात. ताकभात खाऊन पानावरून उठणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे असे काही नाही का? आहे. आपल्या नागपुरात आहे. ‘आपल्या’ म्हणतो, कारण 1956 पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूरच होती. तिथल्या सावजी भोजनालयांचे मूळ हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांत आहे. दिवसभर मागावर बसून थकलेल्या माणसाचे ते जेवण: जवसाचे तेल, जिभेला चटका देणारा मसाला, मटण, खूर, आणि शाकाहाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा नि डाळकांदा. मागाचा धंदा बसत गेला तेव्हा कित्येक घरांना या चुलीनेच हात दिला, आणि चुलीपाशी बाया होत्या. आपल्या वारासिवनीतही विणकरांचे माग आहेत, म्हणून हे आपल्याला परके नाही.

इझाकाया काय, सावजी काय, दोन्ही कष्टकऱ्यांच्या थकव्यातून जन्मले. पण तोक्योच्या त्या बाकावर बायकाही निवांत बसल्या होत्या. सावजीचा मसाला बाईच्या हातचा, बसायला मात्र बहुधा पुरुष, घरच्यांसाठी पार्सल. हा फरक मला टोचतो.

आणि आपल्या मंडळाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट टोचते. आपण वर्षातले दहा दिवस भेटतो. एरवी कुणाला जेवायला बोलवायचे तर बारसे नाहीतर मुंज लागते, आणि घरच्या बाईचा अख्खा दिवस ओट्यापाशी जातो. म्हणून बोलावणी कमी झाली. घरात आपण मराठीत विचारतो, पोरे हिंदीत उत्तर देतात. दोष त्यांचा नाही. आई-बाबा सोडून मराठी बोलायला त्यांना माणूसच भेटत नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी सात ते नऊ, याच सभागृहात बसू. प्रत्येक घराने एकच पदार्थ आणायचा, तोही थोडाच: सांभारवडी, झुणका, उसळ, नुसती जवसाची चटणीसुद्धा चालेल. सत्कार नाही, भाषण नाही, माझेही नाही. मुलांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसायचे. आपल्या ताटात आपण घ्यायचे नाही, शेजाऱ्याने वाढायचे, आणि त्याला मागायचे मराठीतच. शेवटी मंडळाकडून चिन्नोरचा भात आणि ताक. भांडी पुरुषांनी घासायची.

सचिवांच्या टेबलावर वही ठेवली आहे. भांडी घासणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव मी लिहिले आहे. खाली बरीच जागा आहे.

गणपती बाप्पा मोरया!