वस्तूला नाव कोण देतं?

क्लिंगॉन नावाची एक भाषा आहे. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच गावाची नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी चित्रपटमालिकेतल्या परग्रहावरच्या योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने ती रचली. १९८५ मध्ये तिचा शब्दकोशही निघाला. पुढे एका अमेरिकी अभ्यासकाने आपल्या तान्ह्या मुलाशी पहिली तीन वर्षं याच भाषेत बोलायचा घाट घातला. लढाईचे आणि अवकाशयानाचे शब्द मुबलक होते. अडलं ते घरातल्या साध्या वस्तूंपाशी. बिछान्याला शब्द होता, 'कोंगडाक', म्हणजे झोपायची जागा. पण कित्येक वस्तूंना नावच नव्हतं. या भाषेचे चाहते आजही हव्या असलेल्या शब्दांची यादी ओक्रँड यांच्याकडे देतात.

आपल्याला याचं हसू येईल. पण वस्तूंना ठरवून नावं देण्याचा उद्योग मराठीनेही केला आहे. शिवाजीमहाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात दहा वर्ग आहेत आणि सुमारे १,४०० फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. एक वर्ग खाण्यापिण्याच्या व उपभोगाच्या वस्तूंचा, एक लेखनाचा, एक बाजारातल्या मालाचा. सुरनीसाचा सचिव झाला आणि तो आजही मंत्रालयात बसतो. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणायचं ठरलं, पण लोकांनी पेशवाच म्हटलं. दुकान, कागद, खुर्ची, पडदा हे शब्द तर जागचे हलले नाहीत.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द आज इतके रुळले आहेत की ते कुणी घडवले हे आठवतही नाही. दूरध्वनी मात्र लेटरहेडवर राहिला. बोलताना आपण फोनच करतो. मला यात एक सूत्र दिसतं. कार्यालयातला, पदाचा किंवा छापायचा शब्द वरून देता येतो, कारण तो कागदावरून लोकांपर्यंत जातो. हातात असलेल्या वस्तूचं नाव असं बदलत नाही. ते तोंडातून तोंडात जातं.

आपल्या मराठवाड्याला हे जास्त कळायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादेत १९१७ साली भाषांतर विभाग निघाला आणि उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानापासून कायद्यापर्यंतच्या उर्दू परिभाषा तिथे घडवल्या गेल्या. शाळा उर्दूतून, कचेरी उर्दूतून. तरीही आमच्या आज्यांच्या घरात परात परातच राहिली, उतरंड उतरंडच राहिली आणि जात्यावरची ओवी मराठीतच राहिली.

लोक स्वतः नाव ठेवतात तेव्हा काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. १९७० च्या दशकात दुष्काळाने विहिरी आटल्या, तेव्हा गावोगाव बोअर घेतले गेले. टिकाऊ हातपंप बनवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यातला एक जालन्याच्या मिशनमध्ये झाला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. त्यातूनच पुढे सोलापूर पंप आणि देशभर पोचलेला 'इंडिया मार्क टू' आला. गावातल्या बायाबापड्यांनी मात्र यातलं एकही नाव घेतलं नाही. दांडा खालीवर करून पाणी हापसायचं, म्हणून तो हापसा. कुठलीही समिती बसली नाही, तरी शब्द घागरीबरोबर घरात आला.

मी अनेक वर्षं मराठी शिकवली. एकदा वर्गात मोबाइलच्या कव्हरला मराठी शब्द विचारला. मुलांनी 'आवरण', 'संरक्षक कवच' असे जड पर्याय सुचवले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, खोळ. आजी उशीला म्हणते ना!" वर्ग हसला, पण पुढच्या आठवड्यात दोघं-तिघं 'खोळ' म्हणत होते.

आज चार्जर, रिमोट, मिक्सर हे शब्द मराठीच झाले आहेत, त्याची खंत नको. काळजी वेगळीच आहे. मुलं चमच्याला स्पून, ताटाला प्लेट आणि चादरीला बेडशीट म्हणू लागली आहेत. या वस्तूंना नाव नव्हतं असं नाही; ते आपण त्यांना सांगितलं नाही. जातं, शिंकाळं, रोळी या वस्तू घरातून गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांची नावंही जाणारच. पण चमचा तर अजून रोज हातात आहे.

क्लिंगॉन बोलणाऱ्या त्या बापाला शब्दासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं. आपल्यावर ती वेळ नाही. आज जेवायला बसताना मुलांकडून पळी, ओगराळं, झारा, तसराळं एकेक मागवून घ्या. कुठली वस्तू येते आणि कुठलं नाव ऐकून मूल तुमच्याकडे बघत राहतं, ते तुम्हालाच कळेल.