कांच, स्फटिक आणि प्रकाश

नारायण पेठेंतील एखाद्या स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी पेटवितांना लायटरचा खटका दाबतात आणि ठिणगी उडते. त्या लायटरांत बहुधा शिसें, झिर्कोनियम व टिटॅनियम ह्यांच्या ऑक्साइडांची, चिनी मातीप्रमाणें भाजलेली वडी असते. आघात होतांच तिच्यांत मोठा विद्युद्दाब उत्पन्न होतो.

ह्या कुळांतील द्रव्यांना ‘फेरोइलेक्ट्रिक’ म्हणतात. नांवांत लोखंड आहे, पण अंगीं तें असावेंच लागतें असें नाहीं. लोहचुंबकांत जसें चुंबकत्व, तसें ह्यांच्यांत विद्युत्-ध्रुवण टिकून राहतें, आणि बाहेरून विद्युद्दाब दिल्यास त्याची दिशा उलटते. जोसेफ व्हॅलासेक ह्यांनीं हा गुण १९२० च्या सुमारास रोशेल क्षारांत ओळखला. पुढें पुणें विद्यापीठाचे कुलगुरु झालेले व्ही. जी. भिडे ह्यांनीं मुलतानी ह्यांच्यासह १९६५ सालीं बेरियम टिटॅनेटाचा मॉसबाउअर पद्धतीनें अभ्यास केला.

अशा द्रव्याचा केसाहून कितीतरी पातळ थर सिलिकॉनवर चढवितां येतो. तो पुरेसा तापविला नाहीं, तर अणू रांगेंत लागत नाहींत व थर कांचेसारखा अस्फटिक राहतो. अधिक तापविला, कीं स्फटिक बनतो. ब्राझीलमधील पिझानी प्रभृति संशोधकांनीं २००० सालीं दाखविलें, कीं टिटॅनेटांचीं अशीं विस्कळित रूपें लेझरखालीं नेहमींच्या तपमानांतही दृश्य प्रकाश देतात. तींच नीट स्फटिकरूप झालीं, कीं तो प्रकाश मावळतो.

कारण असें मांडलें जातें: स्फटिकांत टिटॅनियमच्या प्रत्येक अणूभोंवतीं सहा ऑक्सिजन असतात, विस्कळित थरांत कांहीं ठिकाणीं पांचच. ह्या उणीवेमुळें इलेक्ट्रॉनांना मधल्या पायऱ्या मिळतात, आणि त्यांवरून उतरतांना ते दृश्य प्रकाश सोडतात.

परंतु खरी अडचण येथेंच आहे. ध्रुवण टिकण्यास अणूंची शिस्त हवी आणि हा प्रकाश तर बेशिस्तींतून येतो. ध्रुवणाच्या दिशेंत माहिती सांठविणारा थरच उजळावा, असें वाटल्यास दोन्ही गुण सहजासहजीं एकत्र नांदत नाहींत. म्हणून स्फटिकांत प्रासिओडिमियमसारखे विरल धातू अल्प प्रमाणांत मिसळतात. मग उजेड त्या पाहुण्या अणूंकडून येतो, आणि यजमान स्फटिकाची शिस्त बऱ्याच अंशीं शाबूत राहते. मात्र हें प्रमाण बेतानेंच राखावें लागतें. पाहुण्यांची दाटी झाली, कीं ते परस्परांचाच प्रकाश विझवितात.