धुळीचें वजन आणि धुराचा गुण

हिवाळ्यांत प्रवरेच्या कांठीं ऊंस तुटतो आणि मागें राहिलेलें पाचट कित्येक शेतांतून पेटविलें जातें. अहिल्यानगर जिल्ह्याच्या हवेंत तो धूर आणि कोरड्या रस्त्यांची माती एकत्र येतात. भारताचें २००९ चें प्रमाण दोहोंना एकाच तराजूंत घालतें : अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचें वजन चोवीस तासांच्या सरासरीनें घनमीटरास ६० मायक्रोग्रॅमांहून अधिक नसावें.

परंतु समान वजनाची माती आणि धूर फुफ्फुसांस सारखींच बाधतात काय? याचा अदमास घेण्यासाठीं रसायनज्ञ गाळणकागदावर धरलेले कण ३७ अंश, म्हणजे शरीराइतक्याच, उष्णतेच्या डायथायोथ्रायटॉलच्या द्रावणांत ठेवतात. कणांची ऑक्सिडीकरणाची शक्ति जितकी अधिक, तितकें तें द्रव्य लवकर खर्ची पडतें. फुफ्फुसांतील संरक्षक द्रव्यांचीहि अशीच झीज होते, हा त्यामागील तर्क.

युरोपांतील हवेविषयीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसलें कीं, वजनांत खनिज धुळीचा वाटा मोठा असला, तरी ही शक्ति मुख्यत्वें घरगुती सरपणाच्या धुरापासून बनलेल्या कणांत आणि वाहनांच्या झिजेंतून उडालेल्या धातूंत होती.

पाचटाचा धूर सरपणाच्या धुराच्याच कुळींतला. म्हणून श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : पाचट न जाळतां शेतांतच कुजविल्यानें हवेंतील कण किती घटले, एवढेंच विचारणें पुरेसें नाहीं, कोणते घटले, हेंहि विचारावें.