रागाचा शब्द आणि कायदा

गावात कुणी जीव दिला की तिरडी उठण्यापूर्वीच पारावर निकाल लागतो. ‘सासूनं छळलं’, ‘सावकारानं तगादा लावला’, ‘मास्तर बोलले’. दुःखाला कुणीतरी दोषी हवाच असतो. पण कोर्टाचे तेवढ्याने भागत नाही. ते का, हे आज पाहू.

आत्महत्येस अपप्रेरणा देणे हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेत ३०६ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १०८ व्या कलमात आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अपप्रेरणा तीन तऱ्हेची : चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि जाणूनबुजून मदत करणे.

आता भांडणात ‘जा, मर एकदाचा’ असे माणसे बोलून जातातच. १९९८ साली मध्य प्रदेशात एकाने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला असेच सुनावले. दोन दिवसांनी त्या गृहस्थाने जीव दिला. चिठ्ठीत मेहुण्याचे नाव होते. तरीही २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपपत्र रद्द केले. रागाच्या भरात निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. त्यामागे तसा हेतू हवा, आणि त्या कृत्याचा मृत्यूशी निकटचा संबंध हवा. मधल्या दोन दिवसांत विचाराला वेळ होता, हेही न्यायालयाने पाहिले.

गुरुजी, तुमच्यासाठीही एक निकाल आहे. शिस्तीसाठी केलेली साधी कानउघाडणी हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. मात्र विनाकारण, वारंवार मुलाचा अपमान व छळ केल्याचा ठोस आरोप असेल, तर शिस्तीची सबब पुरणार नाही.

विवाहितेच्या बाबतीत १९८३ पासून खास तरतूद आहे. लग्नापासून सात वर्षांच्या आत तिने जीव दिला आणि नवऱ्याने वा सासरच्यांनी तिला क्रूरपणे वागवल्याचे सिद्ध झाले, तर न्यायालय अपप्रेरणा गृहीत धरू शकते. पण आधी तो छळ शाबीत व्हावा लागतो.

आणि इथेच आपले चुकते. लेक माहेरी रडून सांगते, तेव्हा आपण म्हणतो, ‘नांदून घे बाई.’ शेजारी भिंतीपलीकडून ऐकतात नि गप्प राहतात. मग साक्ष कोण देणार? म्हणून पत्रे, फोनवरचे निरोप जपून ठेवा. तक्रार वेळेवर करा. पाहिले तेवढेच सांगा, पदरचे घालू नका.

पण मरणानंतरच्या साक्षीहून जिवंतपणीची विचारपूस मोलाची. कुणी खचलेले दिसले तर जवळ बसा, एकटे सोडू नका. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा मोफत आहे. तो आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.